रामबागेतला दहा रविवारांचा परराष्ट्रवर्ग : एक सविस्तर अभिप्राय

इंदुरात परराष्ट्र धोरणावर मराठीतून वर्ग चालतो, हे मला गेल्या पावसाळ्यात एका शेजारणीकडून कळले. रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर एक खासगी अभ्यासिका आहे. एरवी तेथे स्पर्धा परीक्षांची मुले वाचत बसतात, रविवारी सकाळी मात्र ती जागा या वर्गासाठी मोकळी ठेवतात. दहा रविवार, साडेनऊ ते बारा, शुल्क १,८०० रुपये आणि विद्यार्थ्यांना निम्मे, असा हिशेब. विषय ठेवला होता बड्या सत्तांमधला तणाव आणि त्यात सामान्य लोकांच्या मताचे स्थान. मी दहाही रविवार हजर राहिले. शुल्क स्वतः भरले असून चालवणाऱ्यांशी माझी आधीची ओळख नव्हती. इंदूरच्या मराठी मंडळींना या वर्गाविषयी निर्णय घेणे सोपे जावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

मी या वर्गाला का गेले, ते आधी सांगायला हवे, कारण माझ्या अपेक्षा त्यावरूनच ठरल्या होत्या. गेली अठरा वर्षे मी सोयाबीनच्या निर्यातीचे हिशेब पाहते. आमच्या कार्यालयात दिवसाची सुरुवात शिकागोच्या वायद्याचा भाव आणि छावणीच्या मंडीतली आवक या दोन आकड्यांनी होते. ६ जुलै २०१८ रोजी चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा डीओसीच्या, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या सोयापेंडीच्या, प्रत्येक सौद्याच्या वेळी आम्ही एकमेकांना विचारत होतो की आता पुढे काय होणार. आकड्यांचा अंदाज कसाबसा बांधता येत होता. पण दोन्ही सरकारांना नुकसान दिसत असूनही कोणीच एक पाऊल मागे का घेत नाही, याचे उत्तर मला हवे होते, आणि ते शिकागोच्या भावात सापडत नव्हते.

पहिल्याच रविवारी शिकवणाऱ्या सरांनी, जे एका महाविद्यालयातून राज्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत, प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि काहीही न बोलता तिच्यावरच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगितले. माझ्या चिठ्ठीवर विचारले होते, ‘चीनशी व्यापार बंद करावा असे आपणास वाटते का?’ मी क्षणभरही न थांबता ‘हो’ लिहिले. उत्तराखाली एक ओळ कारणासाठी होती, ती मी कोरी ठेवली. चिठ्ठ्या पाकिटांत घालून त्यांवर आमची नावे लिहिली, पाकिटे कपाटात गेली आणि शेवटच्या रविवारी उघडू असे सांगण्यात आले. हा प्रकार मला तेव्हा थोडा शाळकरी वाटला होता. ते माझे मत दहाव्या रविवारी बदलले.

त्याच दिवशी सरांनी प्रश्नाच्या शब्दांनी उत्तर कसे बदलते, हे दाखवण्यासाठी १९४०च्या सुमारास अमेरिकेत झालेला एक प्रयोग सांगितला. लोकशाहीविरोधी भाषणांना देशात परवानगी द्यावी का, असे एका गटाला विचारले तेव्हा ६२ टक्के लोक ‘देऊ नये’ म्हणाले. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असे दुसऱ्या गटाला विचारले तेव्हा ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. परवानगी नाकारणे आणि बंदी घालणे यांत व्यवहारात फरक कोणता? तरीही ‘बंदी’ या शब्दाचे वजन इतके होते की सोळा टक्के लोक अलीकडचे पलीकडे गेले. सर्वेक्षणाचा आकडा वर्तमानपत्रात वाचला की मी आता आधी मूळ प्रश्न शोधते. हा एकच धडा मिळाला असता तरी शुल्काचा मोठा भाग वसूल झाला असे मी मानले असते.

दुसरा रविवार जनमताच्या अभ्यासाच्या इतिहासात गेला. जगाविषयी आपण जे मत बनवतो ते प्रत्यक्ष जगाविषयी नसून डोक्यातल्या चित्राविषयी असते, हा वॉल्टर लिपमन यांचा १९२२मधला विचार येथे आला. संकटाच्या पहिल्या काही आठवड्यांत लोक आपल्या नेत्याभोवती कसे गोळा होतात, यावरचा जॉन म्यूलर यांचा १९७०चा अभ्यासही आला. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यापूर्वी धाकट्या बुश यांच्या कारभाराला ५१ टक्के लोकांची पसंती होती, ती दोन आठवड्यांत ९० टक्क्यांवर गेली. याहून बोलके उदाहरण केनेडी यांचे होते. १९६१मध्ये क्यूबावरची त्यांची मोहीम सपशेल फसली आणि तरीही त्यानंतर त्यांची लोकप्रियता ८३ टक्क्यांपर्यंत पोहोचली. म्हणजे लोक यशाभोवतीच जमतात असे नाही, संकटाभोवतीही जमतात. हा भाग चांगला असला तरी त्यात नावे फार होती आणि ज्यांनी राज्यशास्त्र शिकलेले नाही त्यांची दमछाक झाली.

वर्गाचा खरा कस लागला तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी. हे तीन रविवार सरांनी १९६२च्या ऑक्टोबर महिन्याला दिले आहेत आणि माझ्या मते संपूर्ण वर्गाचे मोल याच साडेसात तासांत आहे. एकाच महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन संकटे चालू होती, एक क्यूबाच्या किनाऱ्यावर आणि दुसरे आपल्या हिमालयात. ती दोन्ही आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचत आल्यामुळे त्यांची तारखांनिशी शेजारशेजार मांडणी केलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. सरांनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली आणि डावीकडे क्यूबा, उजवीकडे लडाख व नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) असे दिवसागणिक भरत नेले. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या टेहळणी विमानाने क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रे घेतली, २० ऑक्टोबरला चीनने सीमेवर चढाई केली, २२ ऑक्टोबरला केनेडींनी दूरचित्रवाणीवरून अमेरिकन जनतेला क्षेपणास्त्रांची माहिती देऊन नाकेबंदी जाहीर केली आणि २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून नेण्याची घोषणा केली, तेव्हा आपल्याकडे तवांग हातचे गेलेले होते.

क्यूबाच्या संकटाचा शेवट मला शाळेपासून ठाऊक होता तो असा की केनेडी खंबीर राहिले आणि रशियाने माघार घेतली. पण २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांची भेट घेऊन तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढून घेण्याचे आश्वासन दिले होते. ते उघड करायचे नाही अशी अट घातली होती, आणि १९६३च्या एप्रिलपर्यंत ती क्षेपणास्त्रे खरोखरच निघाली. अमेरिकेच्या संसदेच्या निवडणुका ६ नोव्हेंबरला, म्हणजे दहा दिवसांवर आल्या होत्या. दबावाखाली येऊन मित्रदेशाचे संरक्षण सोडले असे दिसले असते, तर देशातही नाचक्की आणि नाटो देशांतही अविश्वास, अशी दुहेरी भीती होती. रॉबर्ट केनेडी यांच्या आठवणींचे संपादन करणारे सोरेनसन यांनी १९८९मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत कबूल केले की त्या आठवणींतला या सौद्याचा स्पष्ट उल्लेख त्यांनी काढून टाकला होता. अनेक वर्षे अमेरिकन वाचक एका तडजोडीला निखळ विजय समजत राहिले.

फळ्याच्या उजव्या बाजूची गोष्ट आपल्या घरची आहे आणि तेथे वर्गातले वातावरण बदलले, हे नमूद करायला हवे. अक्साई चीनमधून गेलेल्या रस्त्याचे काम पूर्ण झाल्याचे चीनने १९५७मध्ये जाहीर केले. पण सीमेवरच्या वादाचा आणि दोन्ही सरकारांतल्या पत्रव्यवहाराचा खरा आवाका संसदेपुढे आला तो पूर्व सीमेवर लोंगजू येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, १९५९च्या सप्टेंबरमध्ये पहिली श्वेतपत्रिका निघाली तेव्हा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला लडाखमधल्या कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस चिनी सैन्याकडून मारले गेले. दरवर्षी त्या तारखेला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो, त्यामागचे कारण हेच, असे कळल्यावर वर्गातल्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नी काही वेळ बोलू शकल्या नाहीत. इतके दिवस मैत्रीच्या घोषणा ऐकलेल्या लोकांसमोर एकदम हा सगळा तंटा आला, तेव्हा ते संतापले यात नवल काय? एप्रिल १९६०मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीला आले. पूर्वेकडचा दावा आम्ही सोडतो, पश्चिमेकडचा तुम्ही सोडा, अशा तडजोडीची दिशा त्यांच्या बोलण्यातून सूचित होत होती असे बहुतेक अभ्यासक मानतात, पण तोपर्यंत संसद आणि वर्तमानपत्रे इतकी तापली होती की नेहरूंना इच्छा असती तरी त्या दिशेने जाण्यास जागा उरली नव्हती.

त्यापुढचे मराठी माणसाला तोंडपाठ असते. १९६२च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींचा मोठ्या मताधिक्याने पराभव करून निवडून आलेले कृष्ण मेनन यांना ऑक्टोबरअखेर संरक्षण खाते आणि नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळही सोडावे लागले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, म्हणजे यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. आम्ही हे वाक्य लहानपणापासून अभिमानाने म्हणत आलो आहोत. वर्गात मात्र पहिल्यांदा असा विचार मनात आला की ज्या लोकांनी मेनन यांना फेब्रुवारीत डोक्यावर घेतले त्यांना नऊ महिन्यांत त्यांचे नाव नकोसे झाले, ते लोक चंचल होते म्हणून की सीमेची खरी स्थिती त्यांच्यापुढे फेब्रुवारीत कधी ठेवलीच गेली नव्हती म्हणून?

दोन्ही बाजू भरून झाल्यावर सरांनी रेघेच्या खाली एवढेच लिहिले : केनेडींनी तडजोड लपवली, नेहरूंनी तंटा लपवला. मग त्यांनी आपले मत सांगितले की पहिल्या लपवण्याने जग वाचले आणि दुसऱ्याने आपले हात बांधले गेले, म्हणून संकटाच्या वेळी राज्यकर्त्यांना काही गोष्टी झाकून ठेवण्याची मोकळीक द्यायला हवी. राज्यकर्त्याने जाहीर धमकी देऊन नंतर ती मागे घेतली तर देशातल्या लोकांकडून त्याला जी किंमत मोजावी लागते, तिच्याविषयी जेम्स फिअरन यांनी १९९४मध्ये मांडलेला सिद्धान्तही त्यांनी येथे जोडला. जाहीर बोललेला शब्द समोरच्याला खरा वाटतो तो याच किमतीमुळे, आणि याच किमतीमुळे बोलणाऱ्याला मागेही फिरता येत नाही. माझा २०१८पासूनचा प्रश्न येथे सुटला. दोन्ही सरकारांनी शुल्काची घोषणा आपापल्या लोकांसमोर छातीठोकपणे केली होती, आणि नुकसान सोसण्यापेक्षा शब्द गिळणे त्यांना महाग पडत होते.

सरांचे निदान मला पटले, पण त्यांचा उपाय पटला नाही, आणि हा मतभेद मी वर्गातही मांडला होता. केनेडींचा सौदा झाकला गेल्यामुळे त्या महिन्यात युद्ध टळले हे खरे, पण अमेरिकन जनतेने आणि त्यांच्या पुढच्या राज्यकर्त्यांनी त्यातून धडा कोणता घेतला? नुसते ताठ उभे राहिले की समोरचा नमतो, हा. १९६५मध्ये व्हिएतनाममध्ये सैन्य उतरले तेव्हा त्या धड्याचा पगडा होताच. सैन्य पाठवण्यात चूक झाली असे मानणारे लोक १९६५च्या ऑगस्टमध्ये गॅलपच्या पाहणीनुसार चारांत एक होते, तीन वर्षांनी, १९६८च्या ऑगस्टमध्ये, ते निम्म्याहून अधिक झाले, आणि दरम्यान राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले होते. लोकांपासून जे लपवले ते नाहीसे होत नाही, ते चुकीच्या मताच्या रूपाने राज्यकर्त्यांकडेच परत येते, असे मी म्हणाले. सरांनी मला मध्येच तोडले नाही, पुढच्या रविवारी त्यांनी या मुद्द्यावर दहा मिनिटे दिली आणि माझ्याशी पूर्ण सहमत नसल्याचे कारणांसह सांगितले. शिक्षक आपल्या मताला झालेला विरोध आठवडाभर मनात ठेवून त्यावर तयारी करून येतो, ही गोष्ट कोणत्याही वर्गाच्या अभिप्रायात ठळक लिहावी अशी आहे.

सहाव्या रविवारचा १९७१चा पाठ उत्तम होता, पण तो मी थोडक्यात सांगते, कारण त्यातली बरीच माहिती आपल्याकडे परिचित आहे. नवे वाटले ते एवढे की निक्सन आणि किसिंजर पाकिस्तानच्या बाजूला कलले असताना अमेरिकन लोकमत मात्र त्यांच्याबरोबर नव्हते. ढाक्यातल्या त्यांच्याच वकिलातीतून ६ एप्रिलला निषेधाची तार गेली होती, ऑगस्टमध्ये एडवर्ड केनेडी निर्वासितांच्या छावण्या पाहून गेले होते आणि १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर यांच्या पुढाकाराने झालेल्या मैफलीने बांगलादेश हे नाव घराघरांत पोहोचवले होते. शरद ऋतूत इंदिरा गांधी पश्चिमी राजधान्यांचा दौरा करत होत्या, तेव्हा त्या सरकारांशी जितके बोलत होत्या तितकेच तेथल्या लोकांशीही. सातव्या रविवारी चीनमधल्या जनमताची चर्चा झाली. १९९९मध्ये बेलग्रेडच्या चिनी वकिलातीवर बॉम्ब पडल्यावर बीजिंगच्या रस्त्यांवर निदर्शने होऊ दिली गेली, आणि २००१मध्ये चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेच्या टेहळणी विमानाशी टक्कर होऊन चिनी वैमानिक मारला गेला तेव्हा ती होऊ दिली गेली नाहीत. जेथे निवडणूक नाही तेथेही लोकांचा राग असतोच, फक्त त्याचा नळ कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते, असे सरांनी सांगितले ते मला फार नेमके वाटले.

आठवा रविवार सोयाबीनचा होता, आणि माझ्यासारखे या व्यवसायातले चार जण वर्गात असल्याचे पाहून सरांनी तो मुद्दाम योजला होता. येथे आम्हालाही बोलू दिले. चीन वर्षाला नऊ कोटी टनांच्या आसपास सोयाबीन आयात करत होता आणि आपल्या देशाचे एकूण उत्पादन एक-सव्वा कोटी टनांच्या घरात आहे. त्यामुळे १ जुलै २०१८पासून चीनने भारतासह पाच आशियाई देशांच्या सोयाबीनवरचे ३ टक्के शुल्क काढले, तेव्हा मंडीत जी आशा निर्माण झाली होती ती फोल का ठरली, हे मी सांगितले. चीनची गरज ब्राझीलने भागवली, अमेरिकेचा स्वस्त झालेला माल इतर बाजारांत शिरला आणि आमच्या डीओसीला स्पर्धा वाढली. सरांनी त्यात भर घातली ती आयोवा राज्याची. शी जिनपिंग १९८५मध्ये एक कनिष्ठ अधिकारी म्हणून तेथल्या एका छोट्या गावी राहून गेले होते आणि २०१२मध्ये जुन्या यजमानांना भेटायला पुन्हा गेले होते. २०१८च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या सरकारी वृत्तपत्राने त्याच राज्यातल्या मोठ्या दैनिकात चार पानांची जाहिरात पुरवणी छापून शेतकऱ्यांना व्यापारयुद्धाचे तोटे समजावले. एक सत्ता दुसऱ्या सत्तेच्या मतदाराशी थेट बोलत होती. ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत त्याआधीच, जुलैमध्ये, जाहीर केली होती आणि पुढच्या वर्षी आणखी १६ अब्जांची केली, म्हणजे लढाई जितकी बंदरांत होती तितकीच शेतकऱ्याच्या मनात होती. माळव्यातल्या शेतकऱ्याचे मतही असे मोजले जाते का, असा प्रश्न आमच्यातल्या एका काकांनी विचारला आणि चर्चा ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करू दिली, त्या निर्णयावर आणि त्यावर उमटलेल्या नाराजीवर गेली. हा रविवार बाराऐवजी एक वाजता संपला आणि कोणी उठले नाही.

आता त्रुटी. नववा रविवार विस्कळीत झाला. गलवान आणि युक्रेन हे दोन्ही विषय एकाच दिवशी घेतल्यामुळे दोघांनाही न्याय मिळाला नाही. महूहून आलेल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी सीमेवरच्या गस्तीविषयी फार मोलाची माहिती दिली, गस्तीच्या जागा म्हणजे काय, तेथे शस्त्रे असूनही न चालवण्याचा संकेत कोणत्या करारांतून आला आणि १५ जून २०२०च्या रात्री वीस जवान गेल्यावर त्या संकेताचे काय झाले, हे साहेबांनी नकाशावर दाखवले. परंतु नकाशा इतका लहान छापलेला होता की तिसऱ्या रांगेपासून मागे कोणालाच तो दिसला नसावा. युक्रेनला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली. २ मार्च २०२२च्या संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात १४१ देश ठरावाच्या बाजूने, ५ विरुद्ध आणि भारतासह ३५ तटस्थ, एवढे सांगून पुढे जाणे पुरेसे नव्हते. आपल्या आयातीत रशियन तेलाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता तो एक तृतीयांशावर गेला, या बदलाला भारतीय जनमताने फारसा विरोध का केला नाही, हाच तर या वर्गाच्या गाभ्याचा प्रश्न होता. चालकांनी अकरावा रविवार वाढवावा आणि हवे तर शुल्कही वाढवावे, अशी माझी सूचना आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दहा रविवारांत वर्तमानपत्रांवर भरपूर बोलणे झाले, पण दूरचित्रवाणीच्या रात्रीच्या चर्चा आणि मोबाइलवर फिरणारे संदेश यांच्यावर स्वतंत्र पाठ नाही. आज माझ्या घरात, माझ्या सासऱ्यांचे आणि माझ्या भाच्याचे शेजारी देशांविषयीचे मत बनते ते या दोन ठिकाणी, छापील अग्रलेखात नव्हे. सरांची पिढी छापील अक्षरांची आहे हे समजू शकते, पण मग या एका पाठासाठी तरुण शिक्षक बोलवावा.

सोयींविषयी थोडक्यात. छापील टिपणांचे बाड स्वच्छ मराठीत आहे, मुद्रणाच्या चुका कमी आहेत, तारखा आणि आकडे मी तपासले तेवढे बरोबर निघाले, आणि परिभाषा ओढूनताणून घडवलेली नाही. वर्ग वेळेवर सुरू होतो. मध्यंतरात पोहे आणि चहा शुल्कातच येतात. माडीचा लाकडी जिना अरुंद आहे आणि त्याला एका बाजूला कठडा नाही, त्यामुळे सत्तरीच्या पुढच्या मंडळींना हात धरून वर न्यावे लागते. खुर्च्या परीक्षार्थींच्या आहेत, अडीच तासांत पाठ दुखते. दुचाकी लावायला जागा आहे, चारचाकीला नाही. एका रविवारी मुसळधार पावसामुळे वर्ग रद्द झाला, त्याचा निरोप काहींना पोहोचला नाही आणि लोकमान्य नगरातून आलेले दोघे भिजत परत गेले. तो पाठ नंतर भरून काढला गेला, हेही सांगते.

दहाव्या रविवारी पाकिटे उघडली. तेव्हा कळले की चिठ्ठ्या दोन प्रकारच्या होत्या. अर्ध्या लोकांना माझ्यासारखाच प्रश्न होता. उरलेल्यांना विचारले होते, ‘औषधे आणि कारखान्यांचा कच्चा माल महाग झाला तरी चीनशी व्यापार बंद करावा असे आपणास वाटते का?’ पहिल्या गटात बहुतेकांनी ‘हो’ लिहिले होते, दुसऱ्या गटात मोजक्यांनीच. आम्ही सगळे एकाच शहरातले, एकाच भाषेचे, एकाच सकाळी आलेले होतो. सरांनी फळ्यावर फक्त तीन गोष्टी लिहिल्या. २९ जून २०२०ला ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. २०२३-२४मध्ये चीनहून आपली आयात १०० अब्ज डॉलरच्या वर गेली. २१ ऑक्टोबर २०२४ला गस्तीविषयी समझोता जाहीर झाला. या तीनपैकी कोणती गोष्ट तुम्हाला घडली त्याच दिवशी कळली, असे त्यांनी विचारले. पहिलीसाठी सगळे हात वर झाले, तिसरीसाठी बरेच, आणि दुसरीसाठी एकही नाही. आयात वर्षभर, कंटेनरमागून कंटेनर होत राहते आणि तिला घडण्याचा एक दिवस नसतो, हे हिशेब लिहिणाऱ्या मला तरी कळायला हवे होते. आमच्या कार्यालयाच्या पलीकडे पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, त्यांचा कच्चा माल कोठून येतो हे मला ठाऊक होते, तरी पहिल्या रविवारी लिहिताना ते आठवले नव्हते.

चिठ्ठीवर पुन्हा उत्तर लिहायचे होते. मी ‘हो’ खोडले नाही, ‘नाही’ही लिहिले नाही. कोणता माल, किती वर्षांत, आणि तोवर पर्याय कोठून, असे तीन प्रश्न पहिल्या दिवशी कोऱ्या राहिलेल्या ओळीत लिहिले. माझ्या शेजारच्या वहिनींनी आपले ‘हो’ कायम ठेवले आणि त्याखाली कारणे लिहिली, जी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे नव्हती. सरांनी दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच आस्थेने वाचून दाखवल्या.

ज्यांना चालू घडामोडींची झटपट उजळणी हवी आहे किंवा परीक्षेत उपयोगी पडतील असे मुद्दे हवे आहेत, त्यांच्यासाठी हा वर्ग नाही. माझ्या भाच्याने याच कारणाने तिसऱ्या रविवारनंतर येणे सोडले. ज्यांना बातमी वाचताना आपल्याला राग का आला याचा माग काढायचा आहे, त्यांनी १,८०० रुपये जरूर खर्च करावेत. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते, नोंदणी अभ्यासिकेत प्रत्यक्ष जाऊन करावी लागते आणि पंचवीसच जागा असतात. मी सासऱ्यांचे नाव दिले आहे. जिन्याला तोवर कठडा बसेल असे चालकांनी सांगितले आहे.